हातात मोबाइल असताना पोलीस अजूनही वॉकीटॉकी का वापरतात?

चांदणचुरा

प्रत्येक पोलिसाच्या खिशात आज स्मार्टफोन असतो. फोटो, नकाशा, समूहात बोलणं, सगळं त्यात होतं. तरी कुठल्याही देशातला बंदोबस्त पाहा, खांद्याला किंवा कमरेला तो जाडजूड वॉकीटॉकी असतोच. सरकारं त्यासाठी वेगळे मनोरे उभारतात, वेगळ्या फ्रिक्वेन्सी राखून ठेवतात. यामागे खरंच तांत्रिक कारण आहे की जुनी सवय सुटत नाही? ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी सविस्तर लिहावं. अगदी पायापासून सांगितलंत तरी चालेल.

घनदाट

मोबाइल नेटवर्कमध्ये काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. सवयच आहे. ४जीवर बटण दाबून बोलता येतं, पोलिसांच्या कॉलला प्राधान्य देता येतं, वर व्हिडिओही मिळतो. वॉकीटॉकीच्या २५ किलोहर्ट्झच्या अरुंद वाहिनीत काय मावणार?

बिनतारी

नोकरीची सगळी वर्षं पोलिसांच्या बिनतारी विभागात गेली, तेव्हा मी लिहायलाच हवं.

चांदणचुरा, फोन आणि सेट (म्हणजे वॉकीटॉकी) यांतला पहिला फरक तंत्राचा नाही, कामाचा आहे. फोनवर मी एकाला गाठतो. सेटवर मी बटण दाबून बोललो की त्या वाहिनीवरचे सगळे एकाच क्षणी ऐकतात. नंबर लावणं नाही, घंटी नाही, समोरच्याने उचलण्याची वाट नाही. समजा एक गाडी पाठलागावर आहे आणि चालकाशेजारचा शिपाई फक्त वळणं सांगतोय, "डावीकडे, पुलाखालून, आता सरळ." तो कोणाला उद्देशून बोलत नाही. पण ऐकणाऱ्या चार गाड्या आपापली जागा बदलायला लागतात. त्यांना कोणी हुकूम दिलेला नसतो. ज्याच्यासाठी निरोप नव्हता त्यालाही परिस्थिती कळते, यातच पोलिसांच्या रेडिओचं अर्धं मोल आहे. फोनवर हेच करायचं तर कंट्रोलला चार ठिकाणी चार वेळा सांगावं लागेल आणि तोवर गाडी पुलापलीकडे गेलेली असेल.

आता यंत्रणा. सगळ्यात साधी पद्धत सिंप्लेक्स. दोन्ही सेट एकाच फ्रिक्वेन्सीवर, एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. मधे काहीही लागत नाही. पण हातातल्या सेटची शक्ती १ ते ५ वॅट, त्यामुळे दाट वस्तीत एखाद-दोन किलोमीटरपुढे आवाज जात नाही. म्हणून डोंगरावर किंवा उंच इमारतीवर रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करतो. सेटला फक्त डोंगरापर्यंत पोहोचायचं असतं, बाकीचं डोंगर बघतो.

रिपीटर पडला तरी सेट बदलून पुन्हा सिंप्लेक्सवर येता येतं. घनदाट, मनोरा नसताना तुमचे दोन फोन एकमेकांशी बोलतील का, एवढंच विचारतो.

रातकिडा

बिनतारी काका, झकास. वाचनखूण साठवली. चौकीत बसलेला शिपाई एकदम "कंट्रोल, कंट्रोल" म्हणतो तेव्हा मधे जो खर्र आवाज येतो तो कशाचा?

लहरी

त्याचं उत्तर मी देतो, हौशी रेडिओचा परवाना आहे माझ्याकडे.

जुने सेट एफएमवर चालतात, म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीची फ्रिक्वेन्सी बदलते. सिग्नल नसतो तेव्हा एफएमचा रिसीव्हर नुसता खरखराट काढतो. तो कानावर पडू नये म्हणून स्क्वेल्च नावाचं सर्किट स्पीकर बंद ठेवतं आणि सिग्नल आला की उघडतं. बोलणाऱ्याने बटण सोडल्यावर स्क्वेल्च बंद व्हायला किंचित वेळ लागतो, तेवढ्यात ऐकू येतो तो खर्र. डिजिटल सेटमध्ये तो गेला.

स्क्वेल्चच्या जोडीला सीटीसीएसएस असतं. बोलण्याखाली ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यानचा एक मंद, सलग सूर पाठवतात. ऐकणाऱ्या सेटला तोच सूर मिळाला तरच स्पीकर उघडतो. त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवरचे दोन गट एकमेकांच्या कानी पडत नाहीत. यात गुप्तता मात्र शून्य आहे. सूर तपासणं बंद केलं की कोणालाही सगळं ऐकू येतं.

एफएमची आणखी एक सवय सांगण्यासारखी आहे. दोघं एकाच वेळी बोलले तर जोरदार सिग्नल जिंकतो आणि दुर्बळ जवळजवळ नाहीसा होतो. पोलिसांना हे सोयीचं, कारण गोंधळ कमी होतो. पण दुसरा कोणी बोलत होता हेच कळत नाही. विमानं आजही एएमवर (यात लहरीची ताकद बदलते) बोलतात त्यामागे हेही एक कारण आहे. दोन वैमानिक एकदम बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि नियंत्रकाला कळतं की कोणाचं तरी बोलणं दबलं. जीव टांगणीला असताना दबलेला आवाज कळणं फार मोठी गोष्ट आहे.

जुनीपाने

इतिहासाचा तुकडा जोडतो. १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्ती गाड्यांना रेडिओवर निरोप द्यायला सुरुवात केली, पण ते एकतर्फी होतं. गाडी ऐकायची, उत्तर द्यायचं तर जवळच्या फोनपाशी जावं लागायचं. त्याआधीच्या प्रयोगांत त्यांच्या केंद्राचं नाव केओपी होतं आणि परवान्याच्या अटीमुळे त्यांना करमणुकीचे कार्यक्रमही लावावे लागत. गाण्याच्या मधे चोरीच्या गाडीचा नंबर!

गाडीतून उत्तर देता येण्याची सोय १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयोन शहराच्या पोलिसांनी केली. मग १९४० मध्ये कनेक्टिकट राज्य पोलिसांनी राज्यभर एफएमची दुतर्फी यंत्रणा उभारली, डॅनियल नोबल या प्राध्यापकाच्या आराखड्यावर. गाडीच्या इंजिनातल्या ठिणग्यांचा एएमवर जो कडकडाट यायचा तो एफएमने दाबला. लहरी म्हणतात ती एफएमची घोडदौड तिथून सुरू झाली.

रातकिडा

म्हणजे डेट्रॉइटचा चोर गाणं संपेपर्यंत निर्धास्त! :)

सुईदोरा

मी कंट्रोलरूममध्ये हेडफोन लावून बसणारी. इथे सगळे यंत्राबद्दल लिहिताहेत, मी बोलण्याबद्दल लिहिते.

नव्या पोरांना आम्ही पहिली गोष्ट शिकवतो ती म्हणजे बटण दाबून क्षणभर थांबायचं, मग बोलायचं. सेटला प्रक्षेपणावर यायला, रिपीटर उघडायला, डिजिटल यंत्रणेत वाहिनी मिळायला वेळ लागतो. बटण आणि तोंड एकदम सुरू झालं की पहिला शब्द कापला जातो. "नका सोडू" मधला "नका" गेला तर काय उरतं ते बघा. म्हणून आमच्याकडे नकारार्थी हुकूम वाक्याच्या सुरुवातीला ठेवतच नाहीत. "थांबवून ठेवा" म्हणायचं, "नका सोडू" नाही.

दुसरं, आधी ऐका. वाहिनी मोकळी आहे का बघा. तिसरं, आधी ज्याला बोलवायचं त्याची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ठरलेलं नाव, मग स्वतःची. माणूस स्वतःची कॉल साइन ऐकून कान टवकारतो, त्याआधी बोललेलं वाया जातं.

आणि ओरडू नका. माइक तोंडापासून चार बोटं दूर, थोडा तिरका. ओरडलं की आवाज फाटतो आणि नेमका तेव्हाच कळेनासा होतो. पळत असलेल्या शिपायाला मी शांत आवाजात विचारते तेव्हा त्याचाही आवाज खाली येतो. हे मी रोज पाहते.

जुनीपाने

सुईदोरा ताई, पहिला शब्द कापला जाण्यावरून आठवलं. अमेरिकी पोलिसांचे ते "टेन-फोर"सारखे संकेत १९३७ च्या सुमारास इलिनॉय राज्य पोलिसांतल्या चार्ल्स हॉपर यांनी बसवले. तेव्हाच्या गाडीतल्या प्रक्षेपकाला वीज पुरवणारी मोटर वेग घ्यायला क्षणभर वेळ घ्यायची. म्हणून प्रत्येक संकेताआधी "टेन" म्हणायचं. तो शब्द गेला तरी पुढचा आकडा सुखरूप पोहोचतो.

सुईदोरा

आमची थांबायची शिस्त त्यापेक्षा स्वस्त. :) पण संकेतांबद्दल माझं मत ठाम आहे: कमी वापरावेत. शेजारच्या दलात तोच आकडा वेगळ्या अर्थाने असतो. २००५ च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेतही अनेक दलांच्या एकत्र कामासाठी साध्या भाषेचा आग्रह धरला गेला, तो बरोबरच होता.

चांदणचुरा

सगळ्यांचे आभार, फार छान चाललंय. पण एक शंका. शहरात हजारो पोलीस, मग प्रत्येक गटाला वेगळी वाहिनी दिली तर इतक्या फ्रिक्वेन्सी येणार कुठून?

बिनतारी

याचं उत्तर ट्रंकिंग.

जुन्या पद्धतीत प्रत्येक ठाण्याची ठरलेली वाहिनी. एका वाहिनीवर दंगल चालू असताना माणसं बोलायला तळमळताहेत आणि शेजारची वाहिनी तासभर गप्प. ट्रंकिंगमध्ये वाहिन्या कोणाच्याच नसतात. तिकिटाच्या खिडक्या अनेक आणि रांग एकच, तसं. सेट रिकामा असताना नियंत्रण वाहिनी नावाच्या एका वाहिनीवर कान लावून असतो. मी बटण दाबलं की माझा सेट तिच्यावर आकड्यांत विनंती पाठवतो की अमुक टॉकग्रुपसाठी, म्हणजे एकत्र बोलणाऱ्या सेटच्या गटासाठी, जागा हवी. मधला संगणक मोकळी वाहिनी शोधतो, त्या टॉकग्रुपच्या सगळ्या सेटना तिकडे वळवतो आणि मला बोलायची खूण देतो. टेट्रा नावाच्या डिजिटल पद्धतीत हे सगळं साधारण ३०० मिलिसेकंदांत होतं. बोलणं संपलं की वाहिनी परत सामायिक ढिगात. सगळे गट एकदम बोलत नसल्यामुळे थोड्या वाहिन्यांत पुष्कळ गट सामावतात.

टेट्रा म्हणजे युरोपात १९९५ च्या सुमारास ठरलेलं मानक. २५ किलोहर्ट्झच्या एका वाहकावर वेळेचे चार तुकडे, म्हणजे चार संभाषणं. एक तुकडा साधारण १४ मिलिसेकंदांचा. घनदाट, तुम्ही विचारलं होतं २५ किलोहर्ट्झमध्ये काय मावणार, चार बोलणी मावतात. अमेरिकेत पी२५ हे मानक चालतं, १२.५ किलोहर्ट्झची वाहिनी आणि त्याच्या दुसऱ्या टप्प्यात तिच्यात वेळेचे दोन तुकडे.

उशिरा आलेल्याचीही सोय असते. एखाद्याने सेट नुकताच चालू केला आणि त्याच्या गटात बोलणं सुरू आहे, तर यंत्रणा ते सतत जाहीर करत राहते आणि त्याचा सेट मधूनच सामील होतो. गट-कॉल चालू झाल्यावर आलेल्या फोनवाल्याला असं आपोआप आत घेणारं काही नेहमीच्या फोनमध्ये नाही.

आणि ते लाल किंवा नारिंगी बटण. आणीबाणीचं. ते दाबलं की वाहिन्या भरलेल्या असल्या तरी कमी महत्त्वाचं बोलणं तोडून त्या सेटला जागा मिळते, कंट्रोलच्या पडद्यावर त्याचा क्रमांक आणि ठिकाण झळकतं, आणि बऱ्याच यंत्रणांत काही सेकंद माइक आपोआप उघडा राहतो. दोन्ही हात झटापटीत अडकलेला माणूस काही न बोलता मदत मागू शकतो. या एका बटणासाठी सगळी यंत्रणा उभारली असं म्हटलं तरी मला अतिशयोक्ती वाटत नाही.

घनदाट

बटणाबद्दल वाद नाही. पण आज ३जीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांत हे सगळं आलंय, २०१६ च्या तेराव्या आवृत्तीपासून. एमसीपीटीटी म्हणतात त्याला. गट-कॉल, आणीबाणी, बोलायची परवानगी ३०० मिलिसेकंदांच्या आत, सगळं लिहिलेलं आहे. अमेरिकेत फर्स्टनेट या आपत्कालीन दलांच्या मोबाइल नेटवर्कसाठी २०१२ मध्ये कायदा झाला आणि ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पोलिसांना जागा राखून दिली. गर्दीत सामान्य ग्राहकाला बाजूला करून पोलिसाला जागा मिळते. दिशा ठरलेली आहे.

बिनतारी

दिशा मान्य, घाई मान्य नाही. ब्रिटनने टेट्रावरचं एअरवेव्ह हे पोलिसांचं रेडिओ नेटवर्क २०१९ अखेरीस बंद करून ४जीवर जायचं ठरवलं होतं. एअरवेव्ह अजून चालू आहे. मानकात लिहिणं आणि तळघरात उभ्या शिपायाच्या सेटवर ते चालणं यांत वर्षं जातात.

धर्मकाटा

७ जुलै २००५, लंडन. हा दिवस या धाग्यात यायलाच हवा. भुयारी गाड्यांत स्फोट झाले तेव्हा ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस सोडले तर लंडनच्या इतर पोलिसांचे सेट जमिनीखाली चालत नव्हते. बातमी वर-खाली नेण्यासाठी माणसं धावत होती. आणि मोबाइल? नेटवर्क गर्दीने तुंबलं. ऑल्डगेट भागात तर पोलिसांच्या सांगण्यावरून एका कंपनीचं नेटवर्क १ किलोमीटर परिसरात फक्त खास नोंदवलेल्या फोनांसाठी ठेवलं गेलं. रुग्णवाहिका सेवेचे अधिकारी त्या दिवशी मोठ्या प्रमाणात मोबाइलवर विसंबून होते, आणि ज्यांचे फोन तसे नोंदवलेले नव्हते त्यांचा संपर्क तुटला.

यातून दोन्ही बाजूंना शिकण्यासारखं आहे. सेट आहे म्हणून तो सगळीकडे चालतो असं नाही, आणि फोनला प्राधान्य असलं तरी ते कोणाला मिळेल हे आधी कागदावर ठरलेलं असावं लागतं.

लहरी

जमिनीखाली रेडिओ का जात नाही ते थोडक्यात: माती आणि काँक्रीट या लहरी गिळतात. बोगद्यात मग गळती केबल टाकतात. साध्या केबलचं बाहेरचं आवरण सिग्नल आत कोंडतं, हिच्या आवरणात मुद्दाम फटी ठेवतात, त्यातून सिग्नल बोगद्यात झिरपत राहतो आणि सेटचा सिग्नल त्याच फटींतून आत येतो. लंडनमध्येही पुढच्या काही वर्षांत भुयारी स्थानकांत एअरवेव्ह पोहोचवलं गेलं.

जुनीपाने

न्यूयॉर्क, ११ सप्टेंबर २००१ हेही याच माळेतलं. वर्ल्ड ट्रेड सेंटरची उत्तरेकडची इमारत पडण्याआधी पोलीस हेलिकॉप्टरमधल्या वैमानिकांनी ती कोसळण्याचा धोका पोलिसांच्या वाहिनीवर सांगितला होता. अग्निशमन दलाचे सेट वेगळ्या वाहिन्यांवर होते. आतल्या जवानांपर्यंत तो इशारा पोहोचला नाही. बिनतारी काका पहिल्या प्रतिसादात म्हणाले की ज्याच्यासाठी निरोप नाही त्यालाही कळतं. पण तो त्या वाहिनीवर असेल तरच! दोन दलांना जोडणारा सामायिक टॉकग्रुप आधी ठरवून, सरावाने रुळलेला नसेल तर उत्तम यंत्रणा असूनही माणसं एकटी पडतात.

बिनतारी

शंभर टक्के. मी तर म्हणेन सामायिक टॉकग्रुप महिन्यातून एकदा तरी वापरात यावा. नाहीतर वेळ आली की सेटवर तो कुठे आहे हेच कोणाला सापडत नाही.

रातकिडा

पोलिसांचं बोलणं कोणीही ऐकू शकतं का? कथेसाठी हवंय.

धर्मकाटा

जुनं अॅनालॉग, हो, स्कॅनरने. डिजिटल पण न कुलपबंद केलेलं, तेही योग्य साधनाने. एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणारं कुलूप, चालू असेल तर नाही. पी२५ मध्ये २५६ बिटांचं एईएस हे कुलूप वापरता येतं. टेट्रात कुलपाच्या स्वतःच्या टीईए पद्धती होत्या आणि त्या वर्षानुवर्षं गुप्त ठेवल्या होत्या. २०२३ मध्ये मिडनाइट ब्लू या डच संशोधक चमूने दाखवलं की त्यातल्या टीईए१ ची ८० बिटांची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांवर येते, म्हणजे साध्या संगणकाने फोडता येईल इतकी. युरोपातले पोलीस मुख्यतः टीईए२ वापरतात, तिच्यात हा दोष नाही. पण पद्धत लपवून ठेवणं म्हणजे सुरक्षा नव्हे हे पुन्हा सिद्ध झालं, आणि त्यानंतर मानक संस्थेने या पद्धती जाहीर करायचं ठरवलं.

सुईदोरा

कुलूप हवंच. माझ्या वाहिनीवर पीडित मुलीचा पत्ता बोलला जातो. तो स्कॅनरवाल्याने का ऐकावा?

धर्मकाटा

ताई, तुमचं म्हणणं खरं आहे, पण सगळंच कुलपात गेलं तर पत्रकारांचे कानही बंद होतात. शिकागोत ३० मिनिटं उशिराने सार्वजनिक प्रक्षेपण ठेवलं. मला तो मार्ग विचार करण्यासारखा वाटतो: घटना चालू असताना गुप्तता, नंतर उत्तरदायित्व.

सुईदोरा

उशिराने ऐकवा, पण पत्ता आणि नाव वगळून. एवढं होणार असेल तर माझी हरकत नाही.

लहरी

अवांतर, पण डिजिटलमध्ये एक खोट आहे ती कोणी बोलली नाही. अॅनालॉग सिग्नल दुबळा होत गेला की खरखर वाढते, कान सांगतो की आता संपर्क तुटेल, मागे फिरा. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ आणि मग एकदम तुटतो. शिवाय आवाज दाबून पाठवणारी पद्धत माणसाच्या बोलण्यावर बेतलेली. सायरन किंवा यंत्राचा घरघराट माइकमध्ये शिरला तर तिला बोलणं आणि आवाज वेगळे करता येत नाहीत आणि पलीकडे अगम्य कुरकुर पोहोचते. माइक तोंडाजवळ नेऊन सायरनकडे पाठ करणं, एवढाच उपाय जागेवर असतो.

चांदणचुरा

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं असं वाटतंय, म्हणून पुढचा प्रश्न विचारतो. सेट असो वा ४जी, नवी यंत्रणा घेताना "चालते" हे ठरवतात कसं? विकणारा नकाशा रंगवून आणेल, त्यावर विश्वास ठेवायचा?

घनदाट

नकाशावर कधीच नाही. आमच्याकडेही नाही. गाडी फिरवून मोजतात.

बिनतारी

इथे घनदाट आणि मी एका बाजूला, बरं वाटलं. सगळं क्षेत्र चौकोनांत विभागायचं आणि प्रत्येक चौकोनात जाऊन बोलून बघायचं. सिग्नलचा आकडा मोजतातच, पण माणसाच्या कानानेही आवाजाला १ ते ५ गुण देतात. वाक्य पुन्हा विचारावं न लागता कळलं का, ही खरी कसोटी. करारात ठरलेल्या टक्क्यांइतके चौकोन पास झाले पाहिजेत.

यात तीन गोष्टींवर हटून बसा. पहिली, सेट कमरेला लावूनच चाचणी घ्या. डोक्यावर धरलेला सेट आणि पट्ट्याला लावलेला सेट यांत फार फरक पडतो, शरीर बराच सिग्नल शोषतं. दुसरी, इमारतींच्या आत, जिन्यात, तळघरात, वाहनतळात जा. रस्त्यावरची चाचणी पास होणं सोपं. तिसरी, मनोऱ्यांना जोडणारा मुख्य दुवा मुद्दाम तोडायला सांगा. चांगल्या यंत्रणेत प्रत्येक बेस स्टेशन (मनोऱ्यावरचं रेडिओ केंद्र) स्वतःपुरतं चालत राहतं, त्याच्या परिसरातले सेट एकमेकांशी बोलत राहतात. मग बेस स्टेशनही बंद करा आणि दोन शिपायांना सेट थेट पद्धतीवर (सेट ते सेट, मधे मनोरा नाही) नेऊन बोलायला लावा. किती जणांना ते बटण सापडतं ते तिथेच कळेल.

बॅटरी राहिलीच. कागदावरचे तास बहुधा ५-५-९० च्या हिशोबाने असतात, म्हणजे ५ टक्के वेळ बोलणं, ५ टक्के ऐकणं, ९० टक्के शांत. बंदोबस्ताच्या दिवशी ऐकणंच निम्मा वेळ असतं. तेव्हा पाळी संपेपर्यंत बॅटरी पुरते का ते एखाद्या मिरवणुकीच्या दिवशी बघा.

सुईदोरा

आणि काका, चाचणीच्या गाडीत कंट्रोलमधलं एक माणूस बसवा. गुण ऐकणाऱ्याने द्यायचे असतात.

बिनतारी

लिहून घेतलं ताई. चांदणचुरा, हे चौथं.